काटेवाल्या बाबूचं गाणं

फुलबासी जगरूपचं नाव मी पहिल्यांदा छापलेलं पाहिलं ते वर्तमानपत्राच्या नवव्या पानावर, आणि तेही चुकीचं. ‘फुलवंती जगरू’ असं छापलं होतं. मी पेपर घेऊन तिच्याकडे गेलो, तर ती ओट्यावर बसून चवळीच्या शेंगांच्या जुड्या बांधत होती. चष्मा न लावताच तिनं पेपर परत दिला.

“असू दे, मास्तर,” ती म्हणाली. “गाणंही त्यांनी चुकीचंच छापलंय, पोरानं सकाळीच वाचून दाखवलं.”

आमचे पणजोबा हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला या कॅरिबियन बेटावर आले; मी इथल्या पेनलच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. आमच्या जोकू ट्रेस या गल्लीत माझ्यापासून चौथं घर तिचं. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला दीदी म्हणायचो. बाकी सगळी गल्ली मौसी म्हणायची. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे, कारण कोर्टात तिच्या गाण्याचा अर्थ सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. उरलेलं माझ्या बायकोकडून कळलेलं आहे.

फुलबासीचा जन्म उसाच्या मळ्यातल्या बराकीत झाला. शाळा तिसरीपर्यंत. सतराव्या वर्षी ट्रॅक्टर चालवणाऱ्या जगरूपशी लग्न झालं. चार मुलं झाली. त्यातली एक लहानपणीच गेली, दोन टोरांटोला गेली आणि एक इथंच मॅक्सी, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी, चालवतो. जगरूप वारल्यावर तिनं घरामागच्या तुकड्यात चवळी, मिरची आणि माठ लावला आणि दर शनिवारी पेनलच्या बाजारात बसायला लागली. एवढंच असतं तर तिच्यासारख्या शंभर जणी आमच्या भागात निघतील. पण तिला बोलावल्याशिवाय आमच्याकडे लग्न होत नसे.

लग्नाआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी बायका ढोलक घेऊन माती आणायला निघतात. पुरुषांनी त्या वेळी घरात बसायचं असतं. माती खणून झाली की गाणी सुरू होतात, आणि त्या गाण्यांत नवऱ्या मुलाच्या मामापासून पंडितापर्यंत कुणाचीच गय केली जात नाही. ढोलक फुलबासीच्या गुडघ्याखाली असायचा. जुनी गाणी ती आजीकडून शिकली होती, नवी स्वतः करायची. पण ‘करते’ किंवा ‘रचते’ असं ती म्हणत नसे, ‘जोडते’ म्हणायची. खुरपताना एक ओळ, भांडी घासताना दुसरी. लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. म्हाताऱ्यांची हिंदी तिला लिहिता येत नव्हती आणि इंग्रजीत ती गाणी बसत नव्हती.

आता त्या गाण्याबद्दल. १९७४ साली आमच्या वळणावर साखर कंपनीचा वजनकाटा होता. शेतकरी उसाच्या गाड्या घेऊन पहाटेपासून रांगेत उभे राहायचे. काट्यावर कारकून होता हरखू सहतू. पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, हिरवी सायकल. तो काट्यावर बोट ठेवतो अशी सगळ्यांची तक्रार होती. दुसरी गोष्ट तक्रार करण्यासारखी नव्हती, नुसती बोलण्यासारखी होती. काटा बंद झाल्यावर ती हिरवी सायकल घरी जायच्या आधी तासभर पलीकडच्या फाट्यावर एका फाटकाला टेकलेली दिसायची. ते फाटक हरखूच्या घराचं नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या जगेसरच्या मुलीचं लग्न निघालं. शुक्रवारी माती खणून झाली आणि बावीस वर्षांच्या फुलबासीनं ढोलकावर थाप मारून सुरुवात केली:

काटेवाल्या बाबूच्या काट्यामध्ये खोट,
ऊस भरतो हलका, सांगा कुणाचं भरतं पोट?
बोट ठेवतो बाबू काट्यावर,
सायकल ठेवतो बाबू कुणाच्या फाट्यावर?

पुढची दोन कडवी मी इथं देत नाही. ती मला आयुष्यात एकदाच मोठ्यानं म्हणावी लागली, न्यायाधीशांसमोर, आणि तेवढं पुरे झालं.

बायका इतक्या हसल्या की मातीची टोपली सांडली आणि पुन्हा खणावं लागलं. महिनाभरात ते गाणं डेबेपासून मोरूगापर्यंत पोचलं. ज्या बायकांनी आमचा काटा पाहिलाही नव्हता त्याही ते म्हणायला लागल्या.

हरखूची बायको टेट्री तेव्हा लग्न होऊन नुकतीच या गल्लीत आली होती. फुलबासीच्या मागच्या दारासमोर तिचं मागचं दार. गाणं जोडताना फुलबासीला तिचा विचार सुचला नव्हता. सुचला तेव्हा उशीर झाला होता. पहिली दोन वर्षं टेट्री तिच्याशी बोलत नव्हती. नवी नवरी आहे, लाजत असेल, असं फुलबासी धरून चालली. मग एका पावसाळ्यात दोघींची पोरं एकाच वेळी गोवरानं आजारी पडली, आणि त्यानंतर चाळीस वर्षं त्या दोन दारांमधून वाटीभर भाजी, मुलं, भांडणं आणि गप्पा ये-जा करत राहिल्या. टेट्री समोर असली की फुलबासी ते गाणं कधीच म्हणत नसे. कुणी फर्माईश केली तर घसा खराब आहे म्हणायची आणि दुसरं सुरू करायची. हरखू २००२ साली गेला. पुढच्या वर्षी साखर कंपनीही बंद झाली. वजनकाट्याचं लोखंड कुणीतरी भंगारात नेलं.

मधल्या काळात, म्हणजे १९८९ साली, कुव्हाच्या देवन रामसुभागनं लग्नाच्या गाण्यांची एक कॅसेट काढली. त्यात हे गाणं होतं आणि वेष्टनावर ‘शब्द आणि संगीत : देवन रामसुभाग’ असं लिहिलेलं होतं. फुलबासीनं ती कॅसेट बाजारात ऐकली. तिचं मत एवढंच होतं की, आवाज बरा आहे, पण चौथ्या ओळीत चुकतो. देवननं ‘फाट्यावर’च्या जागी ‘पाट्यावर’ म्हटलं होतं.

खरी गडबड झाली ती २०१३च्या कार्निव्हलला. रिकी रामसेवक नावाच्या तरुण गायकानं ते गाणं जलद चालीत, भोंगे आणि इंग्रजी तुकडे घालून म्हटलं. दोन महिने ते प्रत्येक ट्रकवर वाजत होतं. पाठोपाठ एका दारू कंपनीनं ‘काटेवाला बाबू’ नावाची रम काढायचं ठरवलं आणि ते नाव आपल्या मालकीचं म्हणून नोंदवायला अर्ज टाकला. बाटलीवर मिशीवाला बाबू, त्याची सायकल आणि सायकलीच्या चाकाखाली मसाला वाटायचा पाटा.

देवन रामसुभागनं दोघांवरही दावा लावला. गाणं माझं आहे, नावही माझ्या गाण्यातलं आहे, असं त्याचं म्हणणं. रिकीचं म्हणणं की, गाणं कुणाचंच नाही, आमच्या आज्या-पणज्या ते म्हणत आल्या, मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलं.

आता रिकीच्या वकिलाला हवी होती एखादी म्हातारी, जिनं १९८९च्या आधी हे गाणं म्हटलंय. विचारत विचारत तो जोकू ट्रेसमध्ये आला. मी तेव्हा तिच्या ओट्यावरच होतो.

“मौसी, हे गाणं तुम्ही कधीपासून म्हणता?”

“चौऱ्याहत्तरपासून.”

वकिलाचा चेहरा उजळला. “वा! आणि शिकवलं कुणी? आजीनं?”

“आजीनं? आजीच्या वेळी काटा कुठं होता? तिच्या वेळी मुकादम होता. मुकादमाचं गाणं वेगळं. म्हणून दाखवू?”

“नको, नको. मग हे कुणाकडून आलं?”

“कुणाकडून येणार? मीच जोडलं.”

वकिलानं पेनाचं टोपण लावलं. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, “मौसी, असं करू. चौऱ्याहत्तर साली तुम्ही ते म्हणत होता, एवढंच सांगा. कुणी जोडलं ते कुणी विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगायची काही गरज नाही.”

“आणि विचारलं तर?”

“नाही विचारणार.”

“तुम्ही वकील आहात की ज्योतिषी?” फुलबासी म्हणाली.

तरी ती जायला तयार झाली. का, ते मी तिला विचारलं. तिचं उत्तर साधं होतं. तो देवन कोर्टात शपथ घेऊन गाणं माझं म्हणतोय, आणि तिला ते घरी बसून ऐकवत नव्हतं. एवढी वर्षं कॅसेटवरचं नाव तिला खुपलं नव्हतं. शपथ खुपली.

सॅन फर्नांडोच्या कोर्टात तारीख पडली. गाण्याचा अर्थ सांगायला हिंदी जाणणारा माणूस हवा होता, म्हणून मला समन्स आलं. बायको मला म्हणाली, “कुणाच्याही तोंडाकडे बघू नका. पंख्याकडे बघून बोला.” सकाळी फुलबासीच्या मुलाच्या मॅक्सीतून आम्ही निघालो. मॅक्सीत बघतो तर टेट्री डबा मांडीवर घेऊन आधीच बसलेली.

“तू कशाला?” फुलबासीनं विचारलं. तिचा आवाज जरा चढला होता.

“तुला दिवसभर उपाशी ठेवतील म्हणून. रोटी आणलीय. का, मी येऊ नये?”

फुलबासी खिडकीतून बाहेर बघत बसली.

न्यायाधीश फ्रेजरबाई होत्या. बारीक चणीच्या, पांढरे आखूड केस, बोलणं मोजकं. आधी मला उभं केलं. मी पंख्याकडे बघून पहिली दोन कडवी सांगितली, मग उरलेली दोन. तिसऱ्या कडव्याला टायपिस्ट मुलगी थांबली आणि तिनं मला एका शब्दाचं स्पेलिंग विचारलं. मी ते सांगितलं. माझे दोन जुने विद्यार्थी मागच्या बाकावर बसले होते.

न्यायाधीशबाईंनी डोकं वर केलं. “यात ऊस म्हणजे ऊसच ना, श्री. बिसून?”

“पहिल्या दोन कडव्यांत ऊसच, मॅडम.”

“समजलं,” त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

मग फुलबासी पिंजऱ्यात गेली. गीतेवर हात ठेवला. रिकीच्या वकिलानं ठरल्याप्रमाणे साल विचारलं, लग्नघराचं नाव विचारलं आणि पटकन खाली बसला. देवनची वकीलबाई उठली. तिला वाटत होतं की, म्हातारी अडखळेल.

“तुम्ही म्हणता, गाणं परंपरेतलं आहे.”

“मी नाही म्हणत. ते म्हणतात,” फुलबासीनं रिकीच्या वकिलाकडे हात केला.

“बरं. तुमच्या आधी हे कोण म्हणत होतं? एक तरी नाव सांगा.”

“कुणीच नाही.”

वकीलबाई हसली. “म्हणजे ते परंपरेतलं नाही.”

“नाही. मी जोडलं.”

रिकीच्या वकिलानं कपाळ चोळलं. देवनची वकीलबाई हसायची थांबली. दोन्ही बाजूंना एकदमच कळलं की, ही साक्षीदार कुणाच्याच कामाची नाही. न्यायाधीशबाईंनी मात्र पेन खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुम्ही आमच्यासमोर ते एकदा म्हणाल का, मिसेस जगरूप?”

“इथं? ढोलकाशिवाय?”

“नुसते शब्द.”

तिनं पहिली दोन कडवी सांगितली. शेवटच्या ओळीला ती स्वतःच थांबली आणि देवनकडे वळली. “आणि तू जे ‘पाट्यावर’ म्हणतोस ना, ते चूक आहे. फाट्यावर. जिथं रस्ता फुटतो तिथं. पाट्यावर सायकल कोण ठेवतं? मसाला वाटायचा असतो त्यावर.”

आदल्या दिवशी कोर्टात देवनला या ओळीचा अर्थ विचारला होता. ‘काव्यात प्रत्येक गोष्टीला अर्थ असावाच लागतो असं नाही,’ असं त्याचं उत्तर कागदावर नोंदलेलं होतं. न्यायाधीशबाईंनी ते पान काढलं. मग रिकीची तबकडी लावायला सांगितली. रिकीही ‘पाट्यावर’च म्हणत होता. बाटलीचं चित्र समोर होतंच. आजीकडून शिकलो म्हणणाऱ्यानं देवनची चूकही जशीच्या तशी कशी उचलली, हे विचारायची गरज उरली नव्हती. कोर्टात कुणीतरी खाकरलं.

पण वकीलबाई हार मानणारी नव्हती. “शब्द आज सुधारून घेतला असेल. चाळीस वर्षांनी कुणीही म्हणेल, मी जोडलं. असा काटा होता, असा कारकून होता, याला पुरावा काय? त्याचं नाव सांगा.”

फुलबासीनं नकारार्थी मान हलवली.

“नाव, मिसेस जगरूप.”

“ते नाही सांगणार.”

“ठाऊक नाही की सांगणार नाही?”

“ठाऊक आहे. सांगणार नाही.”

न्यायाधीशबाईंनी तिला समजावलं की, तिच्या बोलण्याला आधार हवा, नुसत्या शब्दावर कोर्ट किती भरवसा ठेवणार. फुलबासीनं ते शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम,” ती म्हणाली, “गाणं माझं आहे. त्यातला माणूस माझा नाही.” बोलताना तिनं एकदाही मागच्या बाकाकडे पाहिलं नाही. तिथं टेट्री मांडीवर डबा घेऊन बसली होती.

जेवणाची सुट्टी झाली. कोर्टाच्या आवारात आंब्याखाली एक सिमेंटचा बाक आहे, तिथं आम्ही बसलो. टेट्रीनं डबा उघडला. सादी रोटी, भाजून कुस्करलेल्या टोमॅटोचा चोखा, आंब्याचं लोणचं. मला दोन रोट्या वाढल्या, फुलबासीच्या हातात एक दिली आणि मग बोलायला लागली.

“का नाही सांगितलंस गं?”

“काय?”

“नाव. हरखू सहतू. एवढं कठीण नाव आहे का?”

फुलबासीच्या हातातला घास हातातच राहिला. मी उठायला लागलो, तर टेट्री म्हणाली, “बसा मास्तर, तुम्ही आत एवढं सगळं बोललात, आता काय लाजताय?”

“तुला कुणी सांगितलं?” फुलबासीनं विचारलं.

“सांगायला कशाला हवं? मी त्या संध्याकाळी जगेसरच्या मागच्या स्वयंपाकघरात होते. नवी होते ना, मला बटाटे सोलायला बसवलं होतं. खिडकीतून सगळं ऐकलं. काटेवाला बाबू. गल्लीत काटेवाले बाबू काय दहा होते?”

“मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?”

“दोन वर्षं बोलत नव्हतेच की तुझ्याशी. तुला वाटलं मी लाजतेय.” टेट्रीनं लोणच्याची फोड काढून तिच्या रोटीवर ठेवली. “रडत होते तेव्हा मी. रोज. त्यानं ऐकलं नाही, सासूनं ऐकलं नाही. मग तुझं गाणं सगळीकडे झालं. काट्यावर गाडीवाले त्याच्या तोंडावर गुणगुणायला लागले. पुढच्या महिन्यापासून सायकल पाच वाजता घरी. तुझ्यावर राग होता तो होताच. गावानं माझ्याकडे बघून हसावं, हे कुणाला आवडेल? पण सायकल घरी यायला लागली, तेही खरं.”

फुलबासीनं हातातली रोटी डब्याच्या झाकणावर ठेवली. मग म्हणाली, “मला तुझा विचारच सुचला नव्हता गं.”

“ते कळलं मला. जेव. गार होतंय.”

दुपारी कोर्ट बसलं तेव्हा टेट्री उठून उभी राहिली. शिपायानं तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. म्हणाली, “तो कारकून माझा नवरा होता.” मग दोन्ही वकिलांची कुजबुज, हरकत, वाद, सगळं झालं, आणि न्यायाधीशबाईंनी तिला साक्षीला घेतलं. तिनं हरखूचं नाव, काट्याची जागा, लग्नघर, महिना सगळं सांगितलं. घरी कंपनीचं नेमणुकीचं पत्र आहे, तेही आणून देते म्हणाली. मागाहून दिलंही.

देवनच्या वकीलबाईनं शेवटचा प्रयत्न केला. “आणि ते फाटक? सायकल कुणाच्या फाट्यावर असायची?”

टेट्रीनं तिच्याकडे पाहिलं. “बाई, गाण्यात ‘कुणाच्या’ असं विचारलंय. उत्तर गाण्यात नाही. मग मी कशाला देऊ?”

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “तो प्रश्न राहू द्या.”

निकाल चार महिन्यांनी लागला. चाल जुनी आहे, ती कुणाचीच नाही. शब्द फुलबासी जगरूपचे. देवन रामसुभागला त्यावर हक्क सांगता येणार नाही आणि रिकी रामसेवकला ते परंपरेचे म्हणून वापरता येणार नाहीत. हीच ती नवव्या पानावरची बातमी. देवन त्यानंतर मला एकदा बाजारात भेटला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “मास्तर, मी ते माझ्या मावशीकडून ऐकलं होतं. एवढी वर्षं माझ्या नावावर छापलेलं बघून बघून मलाही ते माझंच वाटायला लागलं होतं.” रिकी स्वतः फुलबासीच्या घरी आला, तिच्या पाया पडला आणि तिच्याकडून ‘फाट्यावर’ नीट म्हणायला शिकून गेला. नव्या तबकडीवर तिचं नाव आहे, बरोबर छापलेलं.

दारू कंपनीची माणसं मात्र दोनदा आली. नवीन चित्रात पाटा काढून टाकला होता. त्यांना फुलबासीची सही हवी होती, म्हणजे नाव नोंदवायला कुणाची हरकत राहणार नाही.

“गाणं हवं तर गा,” ती म्हणाली. “पण बाटलीवर माणूस बसवताय तो माझा नाही. समोर विचारा.”

ती माणसं समोर गेली. टेट्रीनं चित्र हातात घेऊन खूप वेळ पाहिलं.

“मिशी अशी नव्हती,” ती म्हणाली.

“ती बदलू, आजी.”

“आणि माझ्या नवऱ्यानं आयुष्यात रमच्या थेंबाला हात लावला नाही. त्याचे बाकीचे गुण गाण्यात आहेत तेवढे पुरे. हा नसलेला कशाला चिकटवता?”

कायद्यानं तिच्या नकाराला किती किंमत होती मला माहीत नाही. पण पेपरात आधीच बरंच येऊन गेलं होतं, आणि एका विधवेशी भांडण कंपनीला परवडणारं नव्हतं. त्यांनी अर्ज मागे घेतला. ती रम आता दुसऱ्याच नावानं मिळते, बाटलीवर पोपट आहे.

एवढ्यावर सगळं संपेल असं आम्हाला वाटलं होतं. पण त्याच वर्षी जवळच्या बॅरकपोरला एका लग्नात, शुक्रवारच्या संध्याकाळी, एका मुलीनं ते गाणं सुरू केलं आणि फुलबासीला पाहून मध्येच थांबली. माझी बायको तिथं होती.

“मौसी, म्हणू का? आता ते तुमच्या नावावर आहे ना.”

“हे काय विचारणं झालं? म्हण.”

मुलगी म्हणाली, पण कुणी धड हसलं नाही. सगळ्या फुलबासीच्या तोंडाकडे बघत होत्या. एका ठिकाणी एकीनं नवा शब्द घातला आणि लगेच माफी मागितली. फुलबासी त्या दिवशी लवकर परतली. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “कोर्टात खरं बोलले त्याचं मला काही वाटत नाही, मास्तर. पण पोरी आता परीक्षेला बसल्यासारख्या गातात.”

त्यानंतर वर्षभर ती शुक्रवारी कुठं गेली नाही. गुडघा दुखतो असं सांगायची. गुडघा दुखत होता हे खरं, पण शनिवारी बाजारात ती त्याच गुडघ्यावर उभी असायची. ती नसली की बायका मोकळेपणानं गायला लागल्या. त्यांनी त्या गाण्याला एक पाचवं कडवंही जोडलं, कोर्टात गाण्याचा अर्थ सांगणाऱ्या एका मास्तरावर. कुणी जोडलं ते कुणीच सांगत नाही. माझ्या बायकोला ते पाठ आहे, मला म्हणून दाखवायला मात्र ती तयार नाही. फुलबासीसमोर तिनं ते म्हटलं, तेव्हा मला कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर पाठवलं होतं. बाहेरून एवढंच ऐकू आलं की, फुलबासी खूप हसली, आणि मग म्हणाली, “दुसरी ओळ जरा आखूड पडते. पण राहू द्या, त्यांची आहे.”

टेट्री गेल्या ऑगस्टमध्ये वारली. फुलबासी आता पुन्हा लग्नांना जाते. मागे खुर्चीवर बसते आणि ढोलक सुमिंत्रा नावाच्या पोस्टात काम करणाऱ्या मुलीकडे असतो. चवळी तिनं या वर्षी लावली नाही, वाटीभर भाजी द्यायला समोर कुणी नाही म्हणते; नुसती मिरची लावली आहे.